ब्रेकवॉटर्सचे गाणे कोणी विकले?

१

शुक्रवारी दुपारी ‘टार बॅरल’ पबमधल्या, नाणे टाकले की तबकडी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्समधून ब्रेकवॉटर्सचे गाणे वाजू लागले. ब्रेकवॉटर्स बँडचे चारही जण तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर बिअर पीत बसले होते, आणि ब्रेकवॉटर्सनी आजवर त्या गाण्याची रेकॉर्ड काढलेली नव्हती.

पबची मालकीण एनिड पर्किस काउंटरमागे ग्लास पुसत होती. पहिली ओळ कानावर पडली तशी तिने मान वर केली. गाणे त्यांच्यातल्या वॉलीचेच होते. ओहोटीला खाडीच्या चिखलात रुतून बसलेल्या होड्यांचे, त्यांच्यावर तसेच जळत राहिलेल्या दिव्यांचे. उन्हाळाभर तिच्याच मागच्या खोलीत त्याची घासाघीस चालली होती आणि बाहेरच्या कोणी ते ऐकलेले नव्हते. पण हा आवाज भलत्याच कोणाचा होता, साखरेच्या पाकात बुडवून काढलेला. मागे ट्रम्पेट वाजत होते. मध्येच दोन ओळी माउथऑर्गनही कुजबुजून गेला.

वॉली गॅमन उठला. हा गिटार वाजवणारा, गाणी लिहिणारा आणि सूर्य पूर्वेला उगवतो म्हणूनही चिडणारा माणूस. ज्यूकबॉक्सच्या काचेला नाक लावून त्याने नाव वाचले.

“एड्रियन व्हेल. हा कोण एड्रियन व्हेल? आणि माझं गाणं याच्या तोंडात कसं गेलं?”

ड्रम वाजवणारा ट्रेव्हर मान कलती करून गाणे शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“हे गाणं आपल्याला माहीत आणि एनिडला माहीत,” वॉली म्हणाला. “आपल्या सरावाची टेप एकच आहे, आणि ती कोणाच्या घरी असते? बोल की, ट्रेव्हर.”

“माझ्या घरी,” ट्रेव्हर म्हणाला. “मी कोणाला दिलेली नाही.”

“मग काय टेपला पाय फुटले?”

गायक डेस मॅलियन मध्ये पडला, “जाऊ दे ना वॉली, बसून बोलू.” बेस गिटारवाला नॉर्म नेहमीप्रमाणे आपल्या ग्लासाच्या तळाशी काहीतरी शोधत राहिला. वॉली कोणाचे ऐकणार? त्याने भर पबात जाहीर केले, की रविवारी संध्याकाळी वाजवायला उभा राहीन तेव्हा चोराचे नाव सगळ्यांसमोर सांगेन, आणि ड्रमवर त्या दिवशी दुसरा माणूस बसलेला असेल.

ट्रेव्हर एनिडचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले, आणि बँडपायी त्याने तेल कारखान्यातली बरी नोकरी सोडली तेव्हा तिनेच कपाळावर हात मारून घेतला. बर्ली गाव केवढेसे. रविवारी तिथे चोर ठरलेला माणूस म्हातारा होईपर्यंत चोरच राहतो. एनिडने हातातला ग्लास असा काही आपटला, की काउंटरवरच्या म्हाताऱ्याने आपली बिअर उचलून मांडीवर घेतली.

“रविवारपर्यंत ना?” ती म्हणाली. “बघतेच मी.”

२

या चार टाळक्यांना पहिल्यांदा आसरा दिला तो एनिडनेच. बुधवारी पबात कुत्रे फिरकत नसे, म्हणून तिने त्यांना मागची खोली दिली. भंगारातले सूट घालून ते जुनी गाणी अशी दामटत, की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायचा. वर्षभरात बुधवारी पबात उभे राहायला जागा मिळेना. मग लंडनच्या पबमधून बोलावणी आली. तिथे लोक टेबलांवर चढून नाचले, एका साप्ताहिकाने त्यांचा फोटो छापला आणि मखमली कोटातले रेकॉर्ड कंपनीवाले बर्लीचा चिखल तुडवत आले. वॉलीने त्यांना दोनदा हाकलून लावले. त्याचे म्हणणे एकच, रेकॉर्ड म्हणजे लोणचे आणि आपण ताजे मासे विकणारी माणसे.

शनिवारी सकाळी एनिडने त्याला तळघरात गाठले. तो तिथे तिच्या पिंपांवर बसून नवे गाणे लिहीत होता.

“ऊठ त्यावरून. बिअर ढवळली जाते. ट्रेव्हरनं गाणं विकलं असं तुला खरंच वाटतं?”

“मग काय तू विकलंस?”

“मला विकायचंच असतं तर तुला विकला असता. कोणी घेतलं नसतं, ती गोष्ट वेगळी.”

वॉली हसला नाही. “एनिड, या गाण्यात माझा बाप आहे. आमची होडी आहे. ते मी पबात गाणार होतो, जिथे लोकांना ती होडी माहीत आहे. आणि त्या गाढवानं तिला ट्रम्पेट लावले.”

“डेसला आणि नॉर्मला का नाही विचारत?”

“डेस? त्याला रेकॉर्ड करायची किती हौस होती, माहितीये मला. पण गाणं विकलं असतं तर त्यानं स्वतःच गायलं नसतं का? आपला आवाज दुसऱ्याला देईल तो? आणि नॉर्मला तर स्वतःचा चहा मागता येत नाही.”

युक्तिवाद चुकीचा नव्हता. एनिडला त्याचाच जास्त राग आला. वर येऊन तिने रागाच्या भरात पियानोवर फडके मारले, तर तो खणखणला.

या पियानोनेही तिला उभा जन्म छळले होते. खाडीच्या दमट हवेने त्याचा सूर उतरत उतरत असा खाली बसला होता, की सूर लावायला येणाऱ्या माणसाने हातच टेकले. तारा वर खेचल्या तर तुटतील, म्हणाला. आहे तिथेच त्याला आपापसात जुळवून देतो. त्यामुळे पियानो स्वतःशी सुरात होता आणि उरलेल्या जगाशी नव्हता. दोन सुरांच्या मधल्या फटीत त्याने कायमचा संसार थाटला होता. ज्यूकबॉक्सवरच्या एखाद्या गाण्याबरोबर वाजवावे अशी एनिडला फार हौस, पण कोणतीही तबकडी लावली तरी दात आंबायचे. शनिवारी म्हाताऱ्या मंडळींना गाण्यापुरता तो उपयोगी होता, झाले.

आता उरले नॉर्म आणि डेस. नॉर्म मात्र घरी नव्हता. त्याची आई म्हणाली, तो लंडनला गेलाय, या महिन्यात दुसऱ्यांदा, आणि कोणाला सांगू नका असे बजावून गेलाय.

३

नॉर्म परतला तेव्हा एनिड त्याच्या गाडीला टेकून उभी होती. तिला पाहताच तो इंजिनाचे झाकण उघडून आत घुसला.

“लंडनला काय काम होतं रे?”

“कोण म्हणालं?”

“तुझी आई. तोंड बाहेर काढ, नाहीतर झाकण पाडते.”

त्याने तोंड बाहेर काढले. एड्रियन व्हेलशी त्याचा संबंध नव्हता. आलिशान जहाजावर नाचाच्या गाण्यांचा बँड असतो, त्यासाठी तो वाजवून दाखवायची परीक्षा देऊन आला होता. तीन वेळचे जेवण आणि इस्त्रीचा शर्ट मिळणार होता.

“वॉलीला कळलं तर मारेल मला. पण एनिड, मी कंटाळलोय गं. गाडी मी चालवायची, स्पीकर मी उचलायचे, फ्यूज मी बदलायचे. डेसच्या माउथऑर्गनच्या पट्ट्यासुद्धा कोणी घासल्या? मीच.”

“कसल्या पट्ट्या?”

“तुझ्या त्या पियानोमुळेच की. गिटार काय, कान पिळला की पियानोच्या सुरात येते. माउथऑर्गनचा कान कुठून पिळणार? आत पितळेच्या पट्ट्या असतात. बुडाशी बारीक कानस मारली की सूर उतरतो. त्याचे सगळे मी कारखान्यात बसून उतरवले. चढवणं मात्र महाकठीण, सांगून ठेवतो.”

“आणि लंडनला वाजवता तेव्हा? तिथे कुठे माझा पियानो?”

“तिथे आम्ही डेसच्या माउथऑर्गनवर जुळवून घेतो. कुठेही गेलो तरी सूर ‘टार बॅरल’चाच. वॉलीला तर जगाचाच सूर चढलेला वाटतो.”

एनिडने हे या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले. तिच्या डोक्यात जहाज घोळत होते. म्हणजे बँड तसाही फुटायला आलाच होता, आणि या मूर्खांपायी तिच्या भावाचे तोंड काळे व्हायचे होते.

डेस किनाऱ्यावर शिंपल्यांच्या टपरीपाशी भेटला. त्याने तिच्यासाठीही बशी घेतली, वर व्हिनेगर तिला हवे तितके मारले. डेस हा असा होता. चौघांत गोड माणूस कोण म्हणून विचारले तर शेंबडे पोरही त्याच्याकडे बोट दाखवील.

“मी वॉलीला समजावतोय,” तो म्हणाला. “ट्रेव्हरची चूक झाली असेल. टेप कोणी मागितली असेल, त्यानं दिली असेल. माणूस आहे. आपण त्याला माफ करू.”

“त्यानं काही केलं असेल तर माफ करशील ना?”

“तसंच म्हणतोय गं मी. फार ताणू नका. एका गाण्यावरून बँड मोडायचा का?”

“तुला ती रेकॉर्ड कशी वाटली?”

डेसने शिंपला टोचला, पण तोंडात टाकला नाही. “वाईट नाहीये. ट्रम्पेट जरा जास्त झालेत.”

उरलेल्या तिघांपैकी कोणालाही त्या रेकॉर्डबद्दल बरा शब्द सुचला नव्हता. एनिडने त्याच्याकडे पाहिले. पण गोड माणसे सगळ्यांबद्दलच गोड बोलतात, त्याला काय करणार? ती बशी टाकून घरी आली ती हात हलवत.

४

रविवारी दुपारी पब ओसंडत होता. वॉलीने नवा ड्रमवाला ठरवल्याची बातमी सगळ्यांना लागली होती आणि जो तो एनिडशी जास्तच अदबीने बोलत होता. तिला त्या अदबीचीच किळस आली.

“मिसेस पर्किस, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” काउंटरवरचा म्हातारा म्हणाला. “तरुण पोरं आहेत.”

“तुम्ही तुमची बिअर प्या.”

तेवढ्यात कोण्या आगाऊ माणसाने ज्यूकबॉक्सवर मुद्दाम तेच गाणे लावले. एड्रियन व्हेल पुन्हा पाक ओतू लागला. एनिड तरातरा यंत्राकडे निघाली ती वायर उपटायलाच. वाटेत पियानो. पियानोवर कोणीतरी भरलेला ग्लास ठेवलेला. तो उचलताना तिचा पंजा सुरांवर पडला आणि तीन-चार सूर एकदम वाजले.

ती जागच्या जागी थांबली.

दात आंबले नव्हते.

तिने ग्लास खाली ठेवला आणि हलक्या हाताने गाण्याची चाल वाजवून पाहिली. सूर सुरात असा विरघळला, की रेकॉर्ड कुठे संपते आणि पियानो कुठे सुरू होतो ते कळेना. इतकी वर्षे जे एकाही तबकडीबरोबर जमले नव्हते, ते या एका तबकडीबरोबर जमत होते.

गाणे संपले. दुसरी तबकडी लागली. एनिडने तिच्याबरोबर वाजवले. म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले. तिसरीचेही तेच.

एनिड पर्किस पियानोसमोरच्या स्टुलावर बसली, आणि इतक्या वेळाने नॉर्मचे बोलणे तिच्या डोक्यात शिरले.

५

पब दुपारपुरता बंद करायची वेळ झाली. शेवटचे गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर एनिडने दाराला कडी घातली. आत ते चौघे आणि ती. ट्रेव्हर ड्रमची गुंडाळागुंडाळ करत होता.

“बसा,” ती म्हणाली. “वॉली, तोंड उघडायचं नाही. माझं होईपर्यंत.”

तिने आधी जुन्या दोन तबकड्या लावून पियानो वाजवला. वॉली कळवळला. मग एड्रियन व्हेल लावला आणि वाजवला. वॉलीचे तोंड उघडे राहिले.

“यंत्र तेच, पियानो तोच,” एनिड म्हणाली. “हीच तबकडी जुळते. का?”

“आमची टेप ऐकून केलीये म्हणून,” वॉली म्हणाला. “आमची टेप तुझ्या पियानोच्या सुरात आहे. बघ, तुझ्या भावाचाच पुरावा दिलास.”

“अक्कल चालव. टेप ऐकून चाल शिकतात. वाजवायला बसले की आपापली वाद्यं आपल्या नेहमीच्या सुरात लावतात. ट्रम्पेटवाले टेपसाठी कशाला सूर उतरवतील? आपली नळी खेचून सूर खाली आणायची कटकट माणूस कधी करतो? खोलीत असं एखादं वाद्य असेल, जे वर येऊच शकत नाही, तेव्हा.”

नॉर्मच्या हातातून सिगरेट पडली.

“गिटार वर येते. बेस येतो. ट्रेव्हरच्या ड्रमला तर सुराशी देणंघेणंच नाही. त्या रेकॉर्डवर दोन ओळी माउथऑर्गन आहे. भाड्यानं आणलेला माणूस असता तर दुकानातून आणलेला, जगाच्या सुरातला वाजवला असता. कानशीनं घासून ‘टार बॅरल’च्या सुरात उतरवलेले माउथऑर्गन एकाच माणसाकडे आहेत. आणि दुसऱ्याचा थुंकीनं भरलेला माउथऑर्गन कोणी तोंडाला लावत नाही.”

सगळे डेसकडे पाहत होते. डेस आपल्या बुटांकडे पाहत होता.

“डेस,” वॉली म्हणाला, अगदी हळू. “नाही म्हण.”

डेसने नाही म्हटले नाही.

“तू दोनदा हाकललंस त्यांना,” तो म्हणाला. “मला एकदा रेकॉर्डवर यायचं होतं, वॉली. फक्त एकदा. मी गेलो, त्यांना गाणं गाऊन दाखवलं. गाणं आवडलं. आवाज नको म्हणाले. घोगरा आहे, माशाच्या बाजारातला. त्यांनी तो पोरगा आणला. मी म्हटलं, निदान माउथऑर्गन तरी वाजवू द्या.”

“आणि ट्रम्पेटवाले काही बोलले नाहीत?” नॉर्मने विचारले. त्याला यातली तांत्रिक बाजूच सोसत नव्हती.

“म्हणाले, तुझं वाद्य बिघडलंय. मी म्हटलं, तुमचीच बिघडलीयेत. पियानोवाल्याला तर घरी पाठवलं त्यांनी, माझ्याशी जुळेना म्हणून.” डेसने वर पाहिले. “मला खरंच वाटलं, त्यांचंच चुकतंय.”

एनिडला हसावे की त्याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. “आणि ट्रेव्हरचं नाव?”

“मी नाही घेतलं त्याचं नाव.”

“पण घेऊ दिलंस. वर माफ करायला निघालास.”

वॉलीने आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. तो फक्त उठला, आपला स्पीकर उचलला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने, आणि दारापाशी थांबून ट्रेव्हरला म्हणाला, “चुकलो.” मग नॉर्मने, आता सांगून टाकलेलेच बरे म्हणून, जहाजाचेही सांगून टाकले. वॉलीने मान हलवली, बाजारभाव ऐकल्यासारखी. डेस मागच्या दाराने गेला. त्याला कोणी थांबवले नाही. ब्रेकवॉटर्स संपायला एक सिगरेट संपण्याइतकाही वेळ लागला नाही.

६

एनिडने बिअरच्या नळांवर टॉवेल टाकले आणि स्वतःसाठी जिनचा घोट ओतला. तिचे काम झाले होते. भावाच्या नावावरचा डाग गेला होता आणि वॉली गॅमनच्या तोंडून माफीही निघाली होती, जी बर्लीत आजवर कोणी ऐकलेली नव्हती. ट्रेव्हर काही तरी बोलेल म्हणून ती थांबली. तो रिकाम्या स्टेजच्या कडेला बसून राहिला.

“आभार मानलेस तर जीभ झडणार नाही,” ती शेवटी म्हणाली.

“तू वॉलीला विचारलंस,” ट्रेव्हर म्हणाला. “नॉर्मला त्याच्या गाडीपाशी गाठून विचारलंस. डेसबरोबर शिंपले खाल्लेस. मला काहीच का नाही विचारलंस?”

“तुला काय विचारायचं? तू केलं नाहीस हे मला ठाऊक होतं.”

“आणि कोणी केलं ते मला ठाऊक होतं. शुक्रवारीच. माउथऑर्गन वाजवताना डेस श्वास कुठे घेतो ते मला माहीत नाही होय? रोज त्याच्या मागे बसतो मी.”

एनिडने ग्लास ठेवला. “मग गप्प का बसलास, मूर्खा?”

“गायक गेला तर बँड जातो. ड्रमवाला कुठेही मिळतो. मी निघून गेलो असतो, वॉलीचा राग माझ्यावर निघाला असता. डेसला लाज वाटली असती आणि तो पुन्हा तिकडे गेला नसता. नॉर्मच्या जहाजाचंही मला माहीत होतं, त्यालाही मी थांबवला असता, त्याचं काय, कोणीतरी स्पीकर उचलायला हवा एवढंच. माझं सगळं ठरलं होतं.”

“आणि जन्मभर गावानं तुला चोर म्हटलं असतं.”

“म्हटलं असतं. नाव माझं होतं, एनिड. तुझं नव्हतं.”

तिला पुष्कळ बोलायचे होते. तुला वाढवले कोणी, नोकरी सोडलीस तेव्हा पोसले कोणी, हे सगळे जिभेवर आले आणि तिथेच थांबले. दोन दिवस ती वॉलीवर चिडली होती, नॉर्मवर, डेसवर, पियानोवर, सगळ्या गावावर. आता चिडायला दुसरे कोणी उरले नव्हते.

बाहेर संध्याकाळची माणसे जमू लागली होती. कोणीतरी दारावर थाप मारली, कोणीतरी ब्रेकवॉटर्सच्या नावाने शिट्टी घातली.

“काय सांगू रे त्यांना?” तिने विचारले.

ट्रेव्हरने कोट चढवला. “खरं सांग. त्यासाठीच तर केलंस ना सगळं.”

तो डेस गेला त्याच दाराने बाहेर पडला. एनिड कडी काढायला गेली.